लंबकाचा तास आखताना

‘मुलांना स्वतः शोधू द्या’ हे वाक्य शिक्षक-प्रशिक्षणात हमखास कानावर पडतं. खरं आहे, पण अर्धंच. नुसतं साहित्य पुढ्यात ठेवून ‘शोधा’ म्हटलं, की मुलं मजेत खेळतात आणि घंटा होते.

विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक मार्शल हेरॉन यांनी १९७१ मध्ये शालेय प्रयोगांकडे पाहण्याची एक सोपी रीत मांडली. प्रश्न, पद्धत आणि उत्तर यांपैकी मुलांच्या हाती आयतं काय दिलं आहे? तिन्ही दिलं असेल तर तो निव्वळ पडताळा, काहीच दिलं नसेल तर पूर्ण खुला शोध. तास आखायचा म्हणजे या दोन टोकांच्या मधली जागा निवडायची.

लंबकाचंच घ्या. ‘लंबकाचा अभ्यास करा’ हा प्रश्नच नव्हे. ‘एका दोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, लागणारा वेळ कशाने बदलतो?’ यावर मात्र लगेच अंदाज येतात: वजनाने, दोऱ्याने, किती लांबून सोडला त्याने. वजनाच्या बाजूने बहुतेकांचा कौल पडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. आता खरी गंमत. मुलं वजन म्हणून लावलेल्या एका वायसरखाली (वॉशरखाली) दुसरा अडकवतात आणि वेळ किंचित वाढलेला दिसतो. अंदाज बरोबर? नाही, लंबकाची लांबी वजनाच्या मध्यापर्यंत मोजतात, आणि तो मध्यच खाली सरकलेला असतो. ही अडचण शिक्षकाला आधी ठाऊक हवी. सांगायची नाही, ‘वजनाशिवाय आणखी काय बदललं?’ एवढंच विचारायचं.

मोजणीचं तंत्र मात्र सरळ शिकवून टाकावं. पाव मीटर लांबीच्या लंबकाचं एक दोलन साधारण एका सेकंदाचं. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची गफलत सहज होते, म्हणजे २० टक्के. दहा दोलनं मोजून दहाने भागलं, की ती २ टक्क्यांवर येते. आणि सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की नऊच दोलनं मोजली जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही शिकवलेलं बरं. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या संशोधकांच्या २००४ मधल्या प्रयोगात तिसरी-चौथीच्या मुलांपैकी हे थेट शिकवलेल्या ७७ टक्के मुलांना जमलं, स्वतः शोधायला सोडलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांना. काहींना हा शोधाशी द्रोह वाटतो. मला वाटत नाही. अवजार कसं धरायचं हे माहीत असल्याशिवाय कसला शोध?

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवायची ती गटागटांची न जुळणारी उत्तरं फळ्यावर मांडायला. घाईत हाच भाग गळतो, आणि खरं विज्ञान तर तिथेच घडतं. एखादा गट म्हणेल, लांबून सोडल्यावर वेळ वाढला. ‘दोलनकाल (एका दोलनाचा वेळ) आयामावर (लंबक मधून किती लांब नेऊन सोडला त्यावर) अवलंबून नसतो’ असं आपण शिकवतो, पण ते लहान आयामापुरतंच खरं. ६० अंशांवरून सोडलेल्या लंबकाला सुमारे ७ टक्के जास्त वेळ लागतो. तेव्हा त्या गटाचे आकडे खोडण्याआधी शेजारच्या गटाला तेच मोजायला लावा.