सेव्हन्टी टू-हन्ड्रेडच्या आधी: पोर्ट्रेटची लेन्स लांब होत गेली त्याची गोष्ट

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात दोन गोष्टी मिळेनाशा होतात: मंगल कार्यालयाची तारीख आणि भाड्याची ७०–२००, म्हणजे ७० ते २०० मिमीमध्ये हवी तशी फिरवता येणारी झूम लेन्स. या लेन्सचं नाव सदाशिव पेठेतही ‘सेव्हन्टी टू-हन्ड्रेड’ असंच घेतात. ‘सत्तर-दोनशे’ म्हटलं तर दुकानदाराला वाटायचं, गिऱ्हाईक भाव करतंय. पहिल्या सीझनचे पैसे हातात आले की नवा फोटोग्राफर ती विकत घ्यायला निघतो. पोर्ट्रेटसाठी हीच का, हे विचारलं तर ‘सगळे हीच वापरतात’ असं उत्तर येतं. सगळे का वापरतात, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८३९ मध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा तिच्यासोबत आलेली शेव्हालिएची लेन्स एफ १५ च्या आसपासची होती (एफ-आकडा जितका लहान, तितका लेन्समधून येणारा उजेड जास्त). इमारती आणि पुतळे यांना काही घाई नव्हती. माणसाला मात्र भर उन्हात, पापणी न हलवता काही मिनिटं बसावं लागे. व्हिएन्नात गणित शिकवणाऱ्या योझेफ पेट्झव्हालने हा प्रश्न कागदावर सोडवायला घेतला. आकडेमोडीसाठी त्याला चक्क तोफखान्यातली माणसं देण्यात आली, कारण गणितं झपाट्याने करण्याची सवय त्यांनाच होती. १८४० मध्ये तयार झालेली, फोइग्टलेंडरने बनवलेली ती लेन्स साधारण १५० मिमी फोकल लेंग्थची (ही जितकी मोठी, लेन्स तितकी ‘लांब’ आणि दूरचं तितकं जवळ दिसतं) आणि एफ ३.६ च्या जवळपासची होती. प्रकाश पंधरा पटींहून जास्त. उजेड चांगला असेल तर बैठक मिनिटाच्या आत आटोपू लागली आणि पोर्ट्रेट हा धंदा होऊ शकला.

या लेन्सचा मधला भाग धारदार आणि कडा मात्र मऊ, भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. गणिताच्या दृष्टीने हा दोषच. पण चेहरा मध्यभागी असतो, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. आज तोच भोवरा मुद्दाम मिळावा म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजून तशा लेन्स घेतात!

दुसरा मुद्दा अंतराचा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत चारपाच इंच असतात. मोबाइल सोळा इंचांवर धरला, तर नाकाला कानापेक्षा तीसेक टक्के झुकतं माप मिळतं. पाच फुटांवरून हाच फरक सातआठ टक्क्यांवर येतो. हे सगळं कॅमेऱ्याच्या जागेमुळे होतं, लेन्सचा त्यात हात नाही. पण पाच फुटांवर उभं राहून चेहऱ्याने चौकट भरायची, तर लांब लेन्स लागते. म्हणून जुन्या स्टुडिओवाल्यांचा ठोकताळा होता: फोटो उमटणाऱ्या प्लेटच्या कर्णाच्या दीड ते दोन पट फोकल लेंग्थ घ्यावी. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि २४ बाय ३६ मिमीची चौकट रूढ झाली. तिचा कर्ण ४३ मिमी. त्याची दुप्पट ८६. पंच्याऐंशीची लेन्स आजही पोर्ट्रेटची म्हणून ओळखली जाते, तिची कुळकथा एवढीच. लायकाची ९० मिमीची एल्मार १९३१ ची. १९३५ ची थाम्बार तर मुद्दामच मऊ चित्र देणारी. तिच्या फिल्टरच्या मध्यभागी काळा ठिपका असे, तो मधली किरणं अडवी आणि त्वचा लोण्यासारखी दिसे. हल्लीच्या ब्यूटी मोडची पणजीच म्हणायची.

‘टेलिफोटो’ हा शब्दही आपण सैल वापरतो. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये डालमायर आणि जर्मनीत मीथे व श्टाइनहाइल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल गट ठेवून लेन्सची नळी तिच्या फोकल लेंग्थपेक्षा आखूड केली. खरी टेलिफोटो ती. व्यवहारात कुठल्याही लांब लेन्सला ‘टेली’ म्हणतात, आणि ते चालतं.

१९५० मध्ये कोरियाचं युद्ध टिपणाऱ्या अमेरिकी छायाचित्रकारांनी निकॉनच्या लेन्स वापरल्या आणि जपानी काचेची पत वाढली. पुढे १०५ मिमी एफ २.५ आली. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरीने हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं छायाचित्र काढलं ते याच लेन्सने. आपल्याकडे तेव्हा आयातीवर निर्बंध होते. चांगली लेन्स परदेशातल्या नातेवाइकाच्या सामानातून यायची, नाहीतर कोणीतरी कॅमेरा विकायला काढल्याची खबर लागायची. त्यामुळे ‘कुठली घेऊ’ हा प्रश्नच नसे. मिळेल ती घ्यायची आणि तिच्या हिशेबाने उभं राहायचं.

झूमला तर सुरुवातीला कोणी गंभीरपणे घेतच नव्हतं. १९५९ मध्ये फोइग्टलेंडरची ३६–८२ झूमार आली. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची ती पहिली झूम. त्याच वर्षी निकॉनने ८५–२५० दाखवली, भलीमोठी आणि जड. १९६३ ची ४३–८६ भरपूर खपली आणि भरपूर शिव्याही खाल्ल्या. १९७० च्या आसपास निकॉनची ८०–२०० एफ ४.५ आली, तेव्हा वृत्तपत्रवाल्यांनी पहिल्यांदा झूम मनापासून स्वीकारली. ऐंशीच्या दशकाअखेर एफ २.८ च्या ८०–२०० आल्या, १९९५ मध्ये कॅननने खालचं टोक ७० वर आणलं, २००१ मध्ये त्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा बसवली. ती थरथर आपली सावरते, समोरच्याची नाही, हे अजूनही कित्येकांना पहिल्या लग्नातल्या हललेल्या फोटोंनंतरच कळतं.

पुण्यात या लेन्सचं महत्त्व कळायचं ते दोन ठिकाणी. एक सवाई. १९५३ पासून चालत आलेल्या या महोत्सवात, रमणबागेच्या मैदानावर, स्टेजपासून किती लांब बसायचं हे फोटोग्राफरच्या हातात नसायचं. गायकाचा हात वर गेला की सत्तर, डोळे मिटून समेवर आला की दोनशे. लेन्स बदलेपर्यंत सम निघून जाते. दुसरं ठिकाण पालखी. दिवे घाटाच्या वळणावर किंवा लक्ष्मी रोडच्या गर्दीत तुळस डोक्यावर घेतलेल्या माऊलीच्या तोंडासमोर कॅमेरा नेला की तिचा अभंग थांबतो, ती पदर सारखा करते. वीस फुटांवरून ती आपल्याच नादात चालत असते. मला विचाराल तर टेली झूमची खरी कमाई ही आहे, मागची झाडं धूसर होतात ती नव्हे.

त्या धूसरपणाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण विक्री त्यावरच होते. एकाच मापाची चौकट धरली, तर लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल हे अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राच्या, प्रत्यक्ष व्यासावर ठरतं: फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा. २०० ला एफ २.८ म्हणजे ७१ मिमी. २०० ला एफ ४ म्हणजे ५०. ८५ ला एफ १.८ म्हणजे ४७. स्वस्तातली ५५–२५०, २५० वर एफ ५.६ ला, ४५! म्हणजे वेताळ टेकडीवर, मागे अर्धा किलोमीटर मोकळं असताना, ती ‘गरिबाची लेन्स’ पंच्याऐंशीच्या अगदी जवळ पोचते. खोलीत भिंत पाठीमागे तीन फुटांवर असेल तेव्हा हे गणित उलटतं. तिथे एफ-आकडा लहान असलेली पंच्याऐंशीच जिंकते.

शिवाय खोलीत मागे सरकायला जागा लागते. फुल फ्रेमवर (२४ बाय ३६ मिमीच्या सेन्सरवर), उभ्या चौकटीत डोकं-खांदे घ्यायला ८५ ला पाच फूट पुरतात, १३५ ला आठ, २०० ला साडेअकरा. नखशिखान्त उभा माणूस हवा असेल तर ८५ ला सोळा फूट आणि २०० ला सदतीस. प्री-वेडिंगसाठी मुळशीला जाणाऱ्यांना सदतीस फुटांचं काही वाटत नाही, फक्त ‘हनुवटी खाली’ हे ओरडून सांगावं लागतं. पेठेतल्या वाड्यात ते परवडत नाही. एका सहस्रचंद्रदर्शनाला मी भाड्याची ७०–२०० ऐटीत घेऊन गेलो होतो. बारा बाय दहाची खोली, त्यात माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, फुल फ्रेमहून लहान, म्हणजे सत्तरची झाली एकशेपाच. मागे सरकत सरकत दाराबाहेर, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पोचलो तरी खुर्चीतल्या आजींची पावलं चौकटीत येईनात. शेवटी नातवाच्या कॅमेऱ्यावरच्या पन्नासने काम भागलं. क्रॉपवर ती साधारण पंच्याहत्तरची होते, म्हणजे जवळपास तो जुना ठोकताळाच.

मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आल्यावर वजन उतरलं. कॅननची जुनी एफ २.८ दीड किलोच्या घरातली, २०१९ ची मिररलेससाठीची आरएफ १,०७० ग्रॅमची, तर टॅमरॉनने २०२० मध्ये वरचे वीस मिमी सोडून देऊन ७०–१८० आणली ती ८१० ग्रॅममध्ये. पोर्ट्रेटवाल्याने त्या वीस मिमीसाठी रडू नये. त्यापेक्षा ब्रीदिंग बघावं. म्हणजे काही झूमची फोकल लेंग्थ जवळ फोकस केल्यावर कमी होते. निकॉनची २००९ ची ७०–२०० तर अगदी जवळच्या फोकसला १३५ च्या आसपास वागायची. दुकानात जाताना मित्राला सोबत न्यावं, लेन्स २०० वर ठेवून जमेल तेवढं जवळ जावं आणि त्याचा चेहरा चौकटीत किती भरतो ते पाहावं. मग तिथूनच मागे सरकत, दुकानाच्या दाराशी पाठ टेकेपर्यंत.