गोधडी बोटीत घालू नका
(लहान मूल घेऊन जर्मनीला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

चाकणहून श्टुटगार्टला बदली झाली, व्हिसा हातात आला, घरात दोन-अडीच वर्षांचं मूल आहे आणि सामान बोटीने पाठवायचं ठरलंय. अशा घरांतून येणारा एक फोन आता आम्हाला पाठ झालाय. पॅकिंग होऊन तीन-चार दिवस झालेले असतात आणि वेळ बहुतेक रात्री साडेदहानंतरची असते. "सतरा नंबरचा खोका जरा उघडता येईल का? त्यात गोधडी गेलीय, आणि पोरगं झोपत नाहीये."

कधी गोधडी, कधी आजीच्या साडीचं दुपटं, कधी एक कान तुटलेला ससा. वस्तू बदलते, फोन तोच.

खोका आमच्या पुण्याच्या गोडाऊनमध्ये आहे तोवर आम्ही उघडतो, कुरकुर करत का होईना. पण माल न्हावा-शेव्याला पोचला, यादी कस्टम्सकडे गेली आणि कंटेनरला सील लागलं की विषय आमच्या हातात राहत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर माल बसतो. दोन बेडरूमच्या घरातलं निवडक सामान त्याच्या निम्म्यातही येत नाही, म्हणून बहुतेकांचं सामान इतरांबरोबर जातं. तुमच्या एका गोधडीसाठी बाकीच्यांचंही सामान खोळंबतं.

आणि ती गोधडी लगेच भेटणार नसते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. तेव्हापासून आम्ही दारापासून दारापर्यंत १० ते १२ आठवडे धरायला सांगतो. कुणी सहा आठवडे सांगत असेल तर त्यांच्याकडून ते लेखी घ्या.

म्हणून आमचा आग्रह असतो की पॅकिंगच्या आदल्या रात्री एक बाथरूम रिकामं करा. विमानातून जाणारं सगळं त्यात ठेवा, बाहेरून कडी लावा, दारावर आमची लाल पट्टी चिकटवा. "कोपऱ्यात ठेवलंय, लक्षात राहील" हे चालत नाही. आमची पोरं समोर दिसेल ते भरतात. कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट पॅक झाल्याचा किस्सा आमच्याकडेही एकदा घडलाय, नाकारत नाही.

गोधडीइतकाच महत्त्वाचा दुसरा जीव म्हणजे लसीकरणाचं कार्ड. ते हमखास फाइलींच्या खोक्यात जातं. जर्मनीत १ मार्च २०२० पासून किटात, म्हणजे तिकडच्या पाळणाघर-बालवाडीत, वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला घेताना गोवराच्या लसीचा पुरावा मागतात. दोन वर्षांपुढे दोन डोसांचा. आपल्याकडे गोवर-रुबेलाचे दोन डोस दिलेले असतात, पण कार्ड समुद्रात असेल तर दाखवणार काय? डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर निघण्यापूर्वी त्यांच्याकडून टाइप केलेला, सही-शिक्क्याचा दाखला घ्या.

"आम्हीच खोके भरून ठेवले तर पैसे कमी होतील का?" हेही नेहमी विचारतात. नाही, आणि बंद खोके आम्ही घेत नाही. काहींना ते अडेलतट्टूपणाचं वाटतं. पण घरसामान युरोपीय संघात करमाफ जायचं तर ते साधारणपणे किमान सहा महिने तुमच्या वापरातलं असावं लागतं, आणि आत काय आहे याची यादी आम्हाला द्यावी लागते. मामाने निरोपाला दिलेली, टॅगसकट खेळण्यांची पेटी त्यात निघाली की प्रश्न सुरू होतात. शिवाय माल सोडवताना तिकडच्या पत्त्याच्या नोंदणीचा, आनमेल्डुंगचा, कागद लागतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद हवा. तो आधीच मागून ठेवा. बोट हॅम्बुर्गला लागली आणि कागद नसला तर गोदामभाडं तुमच्या नावावर चढतं.

खाण्याचं थोडक्यात: तूप, पेढे, खवा बोटीतूनही नको, बॅगेतूनही नको. बाळाची दुधाची पावडर मात्र बॅगेतून नेता येते: कंपनीचं सीलबंद पाकीट, फ्रिज न लागणारी, २ किलोपर्यंत. मिक्सर तिकडे चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. फक्त जाड तीन पिनांना अडॅप्टर लागेल.

कपड्यांबाबत एकच. आज अंगाला बरोबर बसणारे बोटीत घालू नका. खोका उघडेपर्यंत बाह्या वर चढलेल्या असतात. एक माप मोठे द्या.

मुलांच्या खोक्याला आम्ही नेहमी १ नंबर देतो. त्यात रोजची ताट-वाटी, चादर, चार ओळखीची खेळणी. मुलाला त्यावर खडूने हवं ते रेघोटायला द्या, वेगळे पैसे नाहीत. नव्या घरी आमचे तिथले लोक हाच खोका आधी उघडून देतात.

घर पाहून अंदाज द्यायला आम्ही फुकट येतो. शक्यतो मूल जागं असेल अशी वेळ सांगा. ते घरभर काय ओढत फिरतंय हे आमच्या माणसाला बघायचं असतं.