वाडी (कोकणातील)

कोकणातील महसुली गावाची पोटवस्ती. गावाचे क्षेत्र ओढे, टेकाडे व भाताच्या मळ्यांनी तुटलेले असल्याने घरे एका गावठाणात न राहता वाड्यांमध्ये विखुरतात. देशावरील वस्ती, पालघरकडील पाडा व बंजारा तांडा हे जवळचे प्रकार आहेत. ही रचना खोती पद्धतीतून (खोत हा वतनदार गावाचा महसूल गोळा करी) आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मात्र खोती नसलेल्या, गावकरी पद्धतीच्या (जमीन गावाच्या सामायिक मालकीची) गोव्यातही गाव वाड्यांचेच आहे. त्यामुळे बारमाही पाणी व लागवडयोग्य जमिनीचे तुकडे हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. वाड्यांची नावे दिशा, दैवत किंवा जातीवरून पडली. जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.

लोकसंख्या : जनगणनेचे ग्रामीण एकक महसुली गाव आहे, वाडी नव्हे. वाडीचा आकडा त्यामुळे प्रकाशित तक्त्यांत सापडत नाही. तो ग्रामपंचायतीच्या नोंदींतून किंवा अंगणवाडीच्या सर्वेक्षणातून काढावा लागतो. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात गावाबाहेर असलेली व्यक्ती जिथे असेल तिथे मोजली जाते. मुंबईकर चाकरमानी म्हणूनच गावच्या संख्येत येत नाहीत. गणपती व शिमग्याला मात्र तीच वाडी भरते, आणि पाणीयोजना नेमकी तेव्हा अपुरी पडते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे तेथे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. पुरुषांच्या स्थलांतराची ही ठळक खूण आहे.

दळणवळण : जनगणनेच्या ग्राम-निर्देशिकेत एखादी सुविधा गावात नसेल, तर ती ५ किमीच्या आत, ५ ते १० किमीवर की त्याहून दूर, एवढेच नोंदतात. ‘गावात बस येते’ ही नोंद एका वाडीपुरती खरी असू शकते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने लोकवस्ती हे एकक धरले, ही मोठी सुधारणा होय. सपाट प्रदेशात ५०० व अनुसूचित आदिवासी क्षेत्रात २५० लोकसंख्येची अट होती. ५०० मीटरच्या परिघातील वस्त्यांची संख्या एकत्र धरता येई. कोकणात हा परिघ फसवा ठरतो. नकाशावर ४०० मीटरवर दिसणारी वाडी पावसाळ्यात पऱ्यापलीकडे (ओढ्यापलीकडे) असते, आणि तिच्याकडे जायला पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) व साकव (छोटा पादचारी पूल) एवढेच असते.

ग्रामीण रस्त्याची वाहतूकपट्टी साधारणतः ३.७५ मीटर, वाहतूक फार कमी असल्यास ३ मीटर ठेवतात. सड्यावरील (डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावरील) जांभ्या दगडाचा पाया टणक असतो. उतारावर मात्र तांबड्या मातीचा भराव खचतो. जास्त पावसाच्या प्रदेशात पातळ डांबरी थराला मध्यापासून कडेकडे ३.५ टक्के उतार लागतो. साइडपट्टी गवत व गाळाने रस्त्यापेक्षा उंच झाली की हा उतार निरुपयोगी होतो, पाणी डांबरावर तुंबते आणि खडी सुटते. म्हणून मे महिन्यात, पावसाआधी गटार उपसणे व मोऱ्यांच्या तोंडचा पालापाचोळा काढणे हे नव्या डांबराइतकेच आवश्यक आहे. खडीकरण करून डांबराविना सोडलेला रस्ता एका पावसाळ्यातच उखडतो.

एस.टी. वाडीपर्यंत न जाण्याचे एक कारण वळणे हे आहे. घाटरस्त्यांच्या मानकांनुसार केसपिन (हेअरपिन) वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर हवी. जुन्या बैलगाडीवाटेवर डांबर टाकून झालेल्या रस्त्यात ती क्वचितच मिळते. त्यामुळे गाडी तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) थांबते व पुढे रिक्षा किंवा पायवाट. रात्रवस्तीची (रात्री गावातच मुक्काम करणारी) गाडी असलेल्या गावांना पहाटे तालुक्याला जाण्याची सोय मिळते. ती बंद झाल्यास पहिला फटका महाविद्यालयीन मुलींना बसतो. १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेची स्थानके बहुतेक वाड्यांपासून दूरच आहेत.