एकेश्वरवादाचा उगम

विश्वाचा कर्ता आणि नियंता एकच ईश्वर असून त्याच्याखेरीज दुसरा देव नाही, या धारणेला एकेश्वरवाद म्हणतात. आज पाळल्या जाणाऱ्या धर्मांपैकी तिचे सर्वांत जुने वारसदार म्हणून यहुदी आणि पारशी (जरथुश्त्री) धर्मांची नावे घेतली जातात. त्यांत आधीचा कोणता, हा वाद जुना आहे. मात्र निदान यहुदी धर्माच्या बाबतीत तरी ही धारणा एका दिवसात किंवा एका प्रेषिताच्या तोंडून अवतरली नाही. ती शतकानुशतके घडत गेली.

त्याआधीचा एक प्रयत्न इजिप्तमध्ये झाला. इ. स. पू. चौदाव्या शतकात फॅरो अखेनातेन याने अतेन या सूर्यबिंबाचीच उपासना राज्यात चालवली, आमेन या तिथल्या प्रमुख देवाचे नाव देवळांतून छिन्नीने खोडून टाकले आणि आजच्या अमार्नाजवळ नवी राजधानी वसवली. तो गेल्यावर काही वर्षांतच जुने देव परतले. त्याच्या पंथातून यहुदी धर्म निघाला, असे सांगितले जाते; पण तसा पुरावा नाही.

इस्राएल हे नाव इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात प्रथम आढळते. या लोकांचा देव याह्वे (यहोवा). प्रारंभी इतर देव आहेतच, पण आपण भजायचे ते याह्वेलाच, अशी त्यांची निष्ठा होती. ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ या आज्ञेत इतर देवांचे अस्तित्व नाकारलेले नाही. बायबलमधील ८२व्या स्तोत्रात तर देव देवांच्या सभेत उभा राहून न्याय करतो. प्रत्यक्ष उपासना आणखी मोकळी होती. सिनाईच्या वाळवंटातील कुंतिल्लेत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये झेएव्ह मेशेल यांनी केलेल्या उत्खननात इ. स. पू. ८०० च्या आसपासचे मोठे रांजण मिळाले. त्यांतल्या एकावर वासराला पाजणारी गाय आणि तंतुवाद्य वाजवणारी आकृती रेखाटली आहे, आणि जोडीला ‘शोमरोनचा याह्वे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने दिलेला आशीर्वाद आहे. शोमरोन ही इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी. अशेरा म्हणजे देवी की तिचा पवित्र खांब, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहीही असले, तरी याह्वे तेव्हा एकटा नव्हता.

इ. स. पू. ६२२ च्या सुमारास यहुदा या दक्षिणेकडील राज्याचा राजा योशीया याने जेरुसलेमच्या मंदिरातून अशेरेची मूर्ती काढून जाळली आणि गावोगावची पूजास्थाने मोडली. पण खरी कलाटणी मिळाली ती पराभवाने. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने जेरुसलेम पाडले, मंदिर जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हरलेल्यांचा देवही हरलेला असायचा. निर्वासितांमधल्या विचारवंतांनी उलटा अर्थ लावला: बाबिलोन हेही याह्वेच्याच हातातले साधन, आणि ही शिक्षा आपल्या पापांची. असे मानायचे तर त्याची सत्ता साऱ्या जगावर हवी. यशयाच्या ग्रंथातील ४५व्या अध्यायात ‘मीच परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही’ हे वाक्य येते, आणि त्याच अध्यायात इराणी सम्राट कुरुश याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. मंदिर आणि राज्य गमावलेल्या माणसांनी हा विचार धरून ठेवला, ही धर्मेतिहासातील अत्यंत धाडसी घटना मानावी लागते.

इराणी परंपरेचा उगम वेगळा आहे. पारशी धर्माचा प्रेषित झरथुश्त्र याच्या नावे असलेल्या सतरा गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे, की अनेक विद्वान त्यांचा काळ इ. स. पू. १५०० ते १००० मानतात. काही जण तो सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात. अहुर मज्द हा ज्ञानी प्रभू सर्वश्रेष्ठ. अश म्हणजे सत्य आणि द्रुज म्हणजे असत्य यांतून निवड माणसानेच करायची. वेदांतले ‘देव’ येथे दएव, म्हणजे त्याज्य ठरले. वाईटाची शक्ती स्वतंत्र मानली असल्याने याला द्वैतवाद म्हणावे की एकेश्वरवाद, हा मतभेद मात्र कायम आहे. यहुदी विचारातील सैतान, देवदूत आणि पुनरुत्थान या कल्पनांवर इराणी छाप असावी, असे अनेकांचे मत आहे.

या दोन्ही परंपरांचे अनुयायी महाराष्ट्रात आहेत. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे हिब्रू ज्ञान आणि ग्रंथ काळाच्या ओघात नाहीसे झाले, तरी देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांच्यात टिकून राहिली.