शेतात निवडलेलं वाण आपल्या नावावर कसं नोंदवावं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा प्रवास

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या उभ्या पिकात काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. वर्षानुवर्षं निवड करत गेले आणि बारीक दाण्याचं, खायला चवदार असं वाण हाती आलं. त्या काळात लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला 'एचएमटी' म्हणू लागले. विदर्भातच नव्हे, आजूबाजूच्या राज्यांतही हे भात पोचलं. दादाजींकडे जमीन जेमतेम दीड एकर आणि शिक्षण तिसरीपर्यंत. त्यांनी केलं ते मात्र संशोधनच होतं: निरीक्षण, निवड, तुलना आणि पुन्हा पेरणी.

त्यांनी निवड सुरू केली तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला कायद्यात जागाच नव्हती. आज ती आहे. 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१' या कायद्याखाली शेतकरी आपलं वाण आपल्या नावावर नोंदवू शकतो, तेही शुल्क न भरता. कायद्याची अंमलबजावणी करणारं प्राधिकरण ११ नोव्हेंबर २००५ ला स्थापन झालं. मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे आणि एक शाखा पुण्यात. तरीही ही वाट माहीत असलेले शेतकरी थोडे भेटतात. म्हणून अर्ज कोण करू शकतो, काय काय लागतं आणि लोक कुठे अडकतात, हे इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. गावात सगळे "वाणाचं पेटंट" म्हणतात. भारतात वाणाला किंवा बियाण्याला पेटंट मिळत नाही; पेटंट कायद्याचं कलम ३ तसं स्पष्ट सांगतं. पिकाच्या वाणासाठी हा वेगळा कायदा आहे आणि इथे मिळतं ते नोंदणी प्रमाणपत्र. पेटंटच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

पात्रता

'शेतकरी वाण' म्हणजे शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने पिकवलेलं आणि विकसित केलेलं वाण, किंवा ज्याची शेतकऱ्यांना सामाईक माहिती आहे असं रानटी भाईबंद वा स्थानिक वाण. आजीच्या कणगीतून आलेलं वाल, घेवडा किंवा नाचणी यात येते. दादाजींसारखी पिकातून केलेली निवडही येते. गोव्यातल्या खाजन शेतीत खारं पाणी सोसणारं 'कोरगुट' भात हे अशा स्थानिक वाणाचं अस्सल उदाहरण.

अर्ज एकटा शेतकरी करू शकतो, शेतकऱ्यांचा गट करू शकतो, आख्खं गावही करू शकतं. इथे कायद्यातली 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या मला फार मोलाची वाटते. ती मालकीवर अडत नाही. जो स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली शेती करतो तो शेतकरी. आणि जो पारंपरिक वाणं जपतो, निवड करून, उपयोगी गुण ओळखून त्यांत भर घालतो, तोही शेतकरी. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेली, पण तीस वर्षं घरचं बी राखणारी बाई या व्याख्येत पूर्णपणे बसते. आपल्याकडे बी राखण्याचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्याच कामासाठी पद्मश्री मिळाली. तरी अर्ज भरायची वेळ आली की घरातल्या पुरुषाचं नाव पुढे येतं. निवड जिने केली, अर्जात नावही तिचंच घाला.

वाण मात्र अधिसूचित पिकाचं असायला हवं. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या पिकांचीच नोंदणी होते. भात, गहू, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, कापूस, कांदा, द्राक्ष, आंबा अशी प्रमुख पिकं यादीत आहेत. तुमचं पीक यादीत आहे का आणि त्यासाठी अर्ज सध्या घेतले जातात का, हे पुण्याच्या शाखेत आधी विचारून घ्या. त्या एका चौकशीने पुढची बरीच धावपळ वाचते.

कसोटी कशाची?

नव्या वाणाला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता. शेतकरी वाणाला नावीन्याची अट नाही. तुम्ही ते वाण वीस वर्षं पेरत असाल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बी दिलं असेल, तरी अडचण येत नाही. उरलेल्या तीन कसोट्या लागू होतात, पण एकसारखेपणात सवलत आहे: नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट भेसळ झाडं चालतात. शेतातल्या वाणात थोडी विविधता असणारच, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केलं आहे.

वेगळेपणा हीच खरी कसोटी, आणि इथेच बहुतेक अर्ज लंगडे पडतात. "आमचं भात चवीला चांगलं, उत्पन्न भरपूर" असं लिहून भागत नाही. चव आणि उत्पन्न यांवरून एक वाण दुसऱ्यापासून वेगळं ठरवत नाहीत. डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी, पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहणारी लक्षणं लागतात. भाताचं उदाहरण घ्या: पानाच्या बुडाशी जांभळी छटा आहे की नाही, निम्मं शेत निसवायला पेरणीपासून किती दिवस लागतात, लोंबी किती लांब, कुसळ आहे का आणि असल्यास कोणत्या रंगाचं, तुसाचा रंग कोणता, हजार दाण्यांचं वजन किती, सडल्यावर तांदूळ पांढरा की तांबडा, सुवास येतो का. प्रत्येक पिकासाठी अशा लक्षणांची मार्गदर्शिका प्राधिकरणाने काढली आहे आणि ती संकेतस्थळावर मिळते. अर्ज भरण्याआधी आपल्या पिकाची मार्गदर्शिका शेतात नेऊन वाचा. कागदावरचा शब्द आणि समोरचं झाड जुळवून पाहिलं की आपलं वाण नेमकं कशात वेगळं आहे, ते कळतं.

तुमच्या वाणाशी सगळ्यात जवळचं दुसरं वाण कोणतं, हेही विचारतात. त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. 'एचएमटी'सारखंच दिसत असेल तर तसं लिहा आणि फरक कुठे आहे ते दाखवा. जवळचं वाण लपवून फायदा होत नाही. परीक्षण केंद्रात ते शेजारच्याच ओळीत पेरलेलं असण्याची शक्यता मोठी.

म्हणून माझा आग्रह आहे: अर्जाच्या एक-दोन हंगाम आधी वही घाला. पेरणीची तारीख, निसवण्याची तारीख, दहा-वीस झाडांची मोजमापं, भेसळ किती काढली, बी कोणाला किती दिलं. सोबत तारीख दिसेल असे फोटो काढा: रोप, फूल, लोंबी किंवा शेंग, दाणा. पुढे कोणी हरकत घेतली तर कामी येतील ते हेच कागद. बी मागायला कोणीही आलं, अगदी कंपनीचा माणूस किंवा एखादा संशोधक, तरी वहीत नोंद करून त्याची सही घ्या. मागणारा खरा असेल तर तो सही द्यायला कचरत नाही.

कागदपत्रं

अर्जाचा नमुना क्रमांक १ आणि त्याला जोडलेली तांत्रिक प्रश्नावली हे दोन मुख्य कागद. नव्या वाणासाठी आई-बाप वाणांच्या माहितीसह ज्या बऱ्याच अटी कलम १८ मध्ये घातल्या आहेत, त्या शेतकरी वाणाला लागू होत नाहीत. वाण कुठून आलं आणि ते कसं जपलं किंवा निवडलं, हे मात्र साध्या भाषेत सविस्तर लिहा. ओळख आणि पत्त्याचा पुरावा, वाणाचे स्पष्ट फोटो आणि गटाचा अर्ज असेल तर सभासदांची यादी व सही कोण करणार याचं अधिकारपत्र, एवढं जोडा. दुसऱ्या कोणाला तुमच्या वतीने काम पाहायला नेमत असाल तर त्यासाठी वेगळा नमुना आहे. कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका.

शेतकरी वाणाच्या अर्जावर एक शिफारस-सही लागते. ती यांपैकी कोणाही एकाची चालते: ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक, किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी. लोक थेट विद्यापीठाकडे धाव घेतात आणि तारखा पडत राहतात. माझ्या मते गावची समिती सर्वांत जवळची. जैवविविधता कायद्याप्रमाणे ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. अनेक गावांत ती कागदावरच असते, पण तिचा ठराव तरी असतो. ग्रामसेवकाला विचारा, बैठक लावून घ्या. त्याच बैठकीत तुमचं वाण गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीतही चढवून घ्या. तो आणखी एक पुरावा होतो.

नाव ठरवताना घाई नको. नुसत्या आकड्यांचं नाव चालत नाही, आधीच्या वाणाशी गोंधळ होईल असं चालत नाही, गुणांबद्दल दिशाभूल करणारंही नाही. गावाचं नाव घालायचं असेल तर प्राधिकरणाच्या निबंधकाची (नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी लागते. तो वापर प्रामाणिक आहे असं त्यांना पटलं पाहिजे. एकदा नोंदलेलं नाव सहज बदलत नाही. म्हणून गावात जे नाव तोंडी रुळलं आहे तेच पहिल्यांदा तपासून पाहा.

शुल्क किती? काहीही नाही. कलम ४४ नुसार शेतकरी, शेतकरी गट किंवा गाव यांना प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत या कायद्याखालच्या कोणत्याही कामकाजात फी माफ आहे. झेरॉक्स, टपाल आणि प्रवास एवढाच खर्च.

अर्ज दिल्यानंतर

छाननीत त्रुटी निघाल्या तर पत्र येतं. त्यात उत्तराची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. पत्ता नीट लिहा आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक द्या. कागदाअभावी थांबलेल्या अर्जांइतकेच पत्र न मिळाल्याने थांबलेलेही असतात.

मग बियाणं मागवतात. किती, ते पिकाच्या मार्गदर्शिकेत दिलेलं असतं. बी निरोगी, चांगलं उगवणारं आणि कोणतीही औषधप्रक्रिया न केलेलं हवं. सवयीने थायरम चोळून पाठवलंत तर सगळं वाया. पत्र आल्याशिवाय बी पाठवू नका, आणि पाठवाल त्यातला एक भाग घरी जपून ठेवा.

परीक्षण नेमलेल्या केंद्रात होतं. नव्या वाणाला सारखे दोन हंगाम लागतात, शेतकरी वाणाला एक. अशी बरीच केंद्रं महाराष्ट्रातच आहेत: द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्यात, कांदा-लसणाचं राजगुरुनगरला, कापसाचं आणि संत्र्याचं नागपूरला, डाळिंबाचं सोलापुरात. झाडं आणि वेली यांची तपासणी शेतावर येऊनही केली जाते. द्राक्षबागायतदारांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस ही वाणं प्रयोगशाळेत जन्मलेली नाहीत. बागेत एखादी वेगळी फांदी किंवा वेगळा घड शेतकऱ्याच्या नजरेत भरला, त्यातून ती आली.

परीक्षणात उतरलेल्या वाणाचा तपशील प्राधिकरणाच्या पत्रिकेत छापतात. त्यानंतर तीन महिने हरकतीसाठी खुले असतात. हरकत आली नाही किंवा फेटाळली गेली, तर प्रमाणपत्र मिळतं. ते पहिल्यांदा हंगामी पिकांना ६ वर्षं आणि झाडा-वेलींना ९ वर्षं चालतं. पुढे नूतनीकरण करून हंगामी पिकांना एकूण १५ आणि झाडा-वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण राहतं. नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रमाणपत्राने काय मिळतं आणि काय नाही

नोंदलेल्या वाणाचं बी तयार करण्याचा, विकण्याचा, बाजारात आणण्याचा हक्क तुमचा होतो. तो हक्क तुम्ही करार करून दुसऱ्याला देऊ शकता. पण हे प्रमाणपत्र म्हणजे बियाणे विक्रीचा परवाना नव्हे. पिशवीत भरून, नाव छापून व्यापार करायचा तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली कृषी खात्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

दुसऱ्या शेतकऱ्यांचा हक्कही शाबूत राहतो. कलम ३९ नुसार कोणताही शेतकरी संरक्षित वाणाचं बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकू शकत नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने नोंदणीकृत वाणावरून दावे ठोकले होते. तेव्हा हेच कलम चर्चेत आलं आणि कंपनीने दावे मागे घेतले. तुमच्या वाणाच्या बाबतीत शेजाऱ्यालाही ही मुभा राहणार. ती राहायलाच हवी, कारण आपल्याकडचं प्रत्येक जुनं वाण अशाच देवाणघेवाणीतून इथवर आलं आहे. संशोधकही तुमचं वाण अभ्यासासाठी वापरू शकतात.

जबाबदारीही येते. त्याच कलमाप्रमाणे वाण अमुक परिस्थितीत अमुक उत्पन्न देतं असं सांगून बी विकलं आणि ते तसं आलं नाही, तर घेणारा शेतकरी नुकसानभरपाई मागू शकतो. एकरी आकडा सांगताना पावसाळा चांगला गेलेल्या वर्षाचा सांगू नका.

तुमचं वाण वापरून एखाद्या कंपनीने नवं वाण नोंदवलं, तर कलम २६ खाली लाभातला वाटा मागता येतो. तो राष्ट्रीय जनुक निधीतून मिळतो. वाणं जपणाऱ्यांसाठी प्राधिकरणाचे 'प्लांट जीनोम सेव्हियर' पुरस्कारही आहेत: समूहाला १० लाख रुपये, शेतकऱ्याला दीड लाख किंवा एक लाख. त्यांची जाहिरात वेगळी निघते आणि अर्जही वेगळा असतो. पण मागितलेली माहिती बरीचशी तीच, म्हणून नोंदणीची फाइल तयार असली की तो अर्ज दोन दिवसांत भरून होतो.

इंग्रजी प्रश्नावलीने दबकू नका. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ती भरायला मदत मिळू शकते. जाताना झाड, लोंबी, मूठभर बी आणि वही सोबत न्या. आणि या खरिपात वेगळं काही दिसलं, तर कापणीआधी त्या झाडाला दोरा बांधून ठेवा.