पार्श्वभूमी: हातातला संगणक आणि ‘दऱ्या’मधला र

१९९३ चा न्यूटन, १९९६ चा पायलट (पुढे पामपायलट), २००७ चा आयफोन ही हातातल्या संगणकांची वंशावळ बहुतेकांना पाठ आहे. ही यंत्रं आली तेव्हा त्यांना आपली लिपी येत नव्हती, हे मात्र त्या इतिहासात सांगितलं जात नाही. पामपायलटवर काडीने गिरवायची अक्षरं रोमन वळणाची होती. बंगळुरूत घडलेला आणि २००४ मध्ये बाजारात आलेला सिम्प्युटर हा हातातला संगणक वेगळा होता. भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवायचा, अनेकांनी मिळून एकच यंत्र घ्यायचं आणि ज्याने त्याने आपलं स्मार्ट कार्ड घालून ते वापरायचं, असा तो विचार होता. स्वस्त मोबाइलच्या लाटेत तो मागे पडला, याची हळहळ आजही वाटते.

मोबाइलवरही देवनागरीला जागा कमीच मिळाली. रोमन लिपीत १६० अक्षरांचा एसेमेस जायचा, देवनागरीत ७० चिन्हांतच संपायचा. त्यात काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जाई. ‘आईला बरं वाटतंय, तू काळजी करू नकोस’ एवढ्यातच जवळजवळ निम्मी जागा जायची. लोक रोमनकडे वळले ते या हिशेबामुळेही.

पण खरा गुंता झाला तो एका र चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा फरक दाखवणारा आडव्या रेघेचा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला रोज लागतो: वाऱ्यावर, पुढाऱ्यांना, तऱ्हा, कऱ्हाड. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या इस्की या संकेतप्रणालीत, म्हणजे यंत्रासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो नुक्ता (खालचा टिंब) असलेल्या ऱ ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) जोडून मिळत असे. मुळात हा ऱ द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठीचा. मराठीसाठी तो उसना घेतलेला. जगभरातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत वेगळी होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारं जोडचिन्ह. पुढे ऱ ची रीत मान्य झाली, आणि जुन्या मजकुरासाठी जोडकाचीही चालू ठेवली गेली.

दोन्ही रीती चालू ठेवण्याचा हा निर्णय समजण्यासारखा असला तरी मराठीला महाग पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ अगदी सारखे दिसतात, आत मात्र चिन्हं वेगळी असतात. फोनमध्ये कुणाचा पत्ता एका रीतीने लिहून ठेवला आणि शोधताना दुसऱ्या रीतीने टाइप केला, तर चिन्हाला चिन्ह जुळवून पाहणाऱ्या शोधाला तो सापडत नाही. लिहिणाऱ्याने शुद्धलेखनाची चूक केलेली नसते, तरी नोंद हरवते. ज्याला ऱ कुठे आहे तेच ठाऊक नाही, तो ‘दर्या’ लिहून मोकळा होतो आणि डोंगराचा समुद्र होतो.

‘ॲ’ची कथाही अशीच आहे. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी अ वर चंद्र ठेवून काम भागवलं जाई, त्यामुळे ‘ॲप’ हा शब्द कुठे दोन चिन्हांचा आहे, कुठे तीन.

पुढचं सगळं भराभर घडलं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसे, २०११ च्या ४.० आवृत्तीपासून ही अडचण बरीच मिटली. २०१६ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावं, असा सरकारी आदेश निघाला. त्याची मुदत पुढे ढकलली गेली. आता अनेक कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो. जोडक वापरून लिहिलेला जुना मजकूर मात्र आहे तसाच पडून आहे. तो एकदा यंत्राकडून ऱ च्या रीतीत बदलून घेतला पाहिजे.