पेटीच्या फळीवर राहिलेली साल

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून पाइनच्या पेटीत कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा भाग, परदेशी निघते, तेव्हा पेटीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची खूण, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट, म्हणजे लाकूड तापवल्याची खूण) असा शिक्का लागतो. २००२ साली ठरलेल्या या आंतरराष्ट्रीय नियमामागे सालकिड्यासारखी लाकडातून प्रवास करणारी कीड आहे.

सालकिडा हा साधारण तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा. साल आणि लाकूड यांच्यामधल्या, झाडाचे अन्न वाहणाऱ्या ओल्या थरात तो बोगदा करून अंडी घालतो. पाइन राळ सोडते आणि एकटादुकटा किडा तिच्यातच अडकून मरतो. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या पाइनवरची मादी गंध सोडून इतरांना बोलावते. शेकडो किडे एकदम तुटून पडले की राळ पुरी पडत नाही. त्यांच्या अंगावरून आलेली निळसर बुरशी पाण्याच्या नळ्या बुजवते, अळ्या आतला थर खातात, आणि वर्षभरात झाड लाल पडते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात अशा हल्ल्याची झळ सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला बसली. या अळ्या मारायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि तसे हिवाळे आता विरळ झाले आहेत.

लाल टर्पेंटाइन भुंगेरा या दुसऱ्या सालकिड्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. अमेरिकेत तो बहुतेक आजारी झाडे आणि ताजे बुंधे धरतो. चीनमध्ये पोहोचल्यावर मात्र त्याने लाखो उभी पाइन झाडे मारली.

म्हणून पेटीचे लाकूड तापवायचे: गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटे. चूक इथेच होते. भट्टीची हवा ५६ झाली म्हणून घड्याळ लावू नका, कारण जाड ओंडक्याचा गाभा बराच मागे असतो, ओला असेल तर आणखी मागे. तापमापकाची सुई सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत भोकात बसवा, भोक बुजवा, आणि थरांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवा. थर चिकटून रचले तर मधल्या फळ्या थंडच राहतात.

सालही काढायची, तापवण्याआधी किंवा नंतर. राहिलेला तुकडा ३ सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर एकेक तुकडा ५० चौरस सेंटीमीटरच्या आत हवा. साल राहिली तर तापवलेल्या लाकडातही किडा पुन्हा घर करू शकतो.

प्लायवुडला आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ फळीला ही अट नाही. जुन्या पॅलेटला (माल ठेवायच्या लाकडी चौकटीला) नवी फळी ठोकताना ती तापवलेली आणि शिक्क्याचीच घ्या. एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला, तर जुने शिक्के पुसून सगळे पुन्हा तापवावे लागते. शिक्का हाताने काढलेला चालत नाही. लाल आणि नारिंगी रंगही टाळा.